अर्धा मिलिमीटर

शाळेत नैसर्गिक निवड शिकवताना जिराफाची मान हमखास पुढे येते. उंच झाडाचा पाला मिळावा यासाठी मान लांब होत गेली, असे काहीसे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात तेव्हापासून घर करून बसते आणि पुढे आयुष्यभर उत्क्रांती म्हटले की तेच आठवते. प्राण्याला गरज पडली आणि शरीराने ती भागवली, असा त्या वाक्याचा सूर आहे. निसर्गात मात्र गरज पडली म्हणून काही निर्माण होत नाही. संकट येते तेव्हा त्या प्राण्यांच्या समूहात जे वेगवेगळे गुण आधीपासून विखुरलेले असतात, त्यांतले काही तग धरतात आणि बाकीचे नाहीसे होतात. जे मुळात नव्हतेच ते ऐन वेळी कुठूनही येत नाही. हे उमजत गेले तसतसा, नव्या प्रजाती कशा निर्माण होतात या प्रश्नाच्याही आधी, एकाच प्रजातीतले सगळे जीव एकसारखे का नसतात आणि तसे नसणे इतके महत्त्वाचे का, हा प्रश्न मला जास्त खुणावू लागला.

या प्रश्नाचे उत्तर सर्वांत स्वच्छ दिसते ते पॅसिफिक महासागरातल्या एका उजाड खडकावर. इक्वेडोरच्या गॅलापागोस द्वीपसमूहात डॅफ्नी मेजर नावाचे बेट आहे. ज्वालामुखीची राख थिजून तयार झालेला तो एक शंकू आहे. उंची सुमारे 120 मीटर, क्षेत्रफळ साधारण 34 हेक्टर, म्हणजे जेमतेम 85 एकर. तिथे गोडे पाणी नाही आणि होडी लावायला धक्का नाही. लाटेने होडी वर उचलली की कपारीवर उडी मारायची आणि मग सामान हातोहात वर घ्यायचे, अशी उतरण्याची रीत. माणसाने वस्ती करावी असे त्या बेटात काहीच नाही, आणि नेमके त्यामुळेच ते अभ्यासाला उत्तम ठरले. पीटर आणि रोझमेरी ग्रांट हे शास्त्रज्ञ दाम्पत्य 1973 मध्ये तिथे गेले आणि 2012 पर्यंत वर्षामागून वर्षे जात राहिले. फिंच पक्ष्यांना तलम जाळ्यात धरायचे, पायांत रंगीत कडी घालायची, वजन करायचे, पंख, पाय आणि चोच मोजायची आणि पक्षी सोडून द्यायचा. काम एवढेच, पण ते बेटावरच्या जवळजवळ प्रत्येक पक्ष्याबाबत आणि पिढ्यानपिढ्या. कोणाची आई कोण, बाप कोण, कोणत्या घरट्यातले कोणते पिल्लू जगले आणि त्याला पुढे किती पिल्ले झाली, याची अख्खी वंशावळ त्यांच्या वह्यांत उतरली. आपल्याकडे कुलवृत्तान्त लिहिण्याची हौस पुष्कळ घराण्यांना असते. रानातल्या पक्ष्यांचा इतका नेटका कुलवृत्तान्त मात्र जगात क्वचितच कोणी लिहिला असेल.

त्यांच्या वह्यांत सर्वांत जास्त जागा व्यापणारा पक्षी म्हणजे मध्यम आकाराचा भूचर फिंच. साधारण चिमणीएवढा, नर काळा, मादी तपकिरी, अंगावर रेघा असलेली. मुख्य अन्न बिया. या एकाच प्रजातीत, एकाच बेटावर, चोचीच्या जाडीत ठळक फरक होता. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत मोजले तर कोणाची चोच आठ मिलिमीटरच्या आसपास, तर कोणाची अकराच्या. पीटर बोग हा तरुण संशोधक 1976 मध्ये आईबापांच्या चोची आणि त्यांच्या पिल्लांच्या मोठेपणीच्या चोची यांची तुलना करीत होता. जाड चोचीच्या जोडप्याची पिल्ले जाड चोचीची आणि बारीक चोचीच्या जोडप्याची बारीक चोचीची निघत होती. हा फरक खाण्यापिण्यामुळे पडत नसून तो वारशाने येत होता, हे त्यातून बऱ्यापैकी निश्चित झाले. चांगल्या पावसाच्या वर्षात त्या फरकाला काही किंमत नव्हती. सगळीकडे मऊ, बारीक बिया पडलेल्या असत आणि सगळ्याच चोचींना त्या टिपता येत. त्या दिवसांत कोणी बेटावर येऊन म्हटले असते की या पक्ष्यांतला फरक निरुपयोगी आहे, तर तो माणूस त्या क्षणापुरता खोटा ठरला नसता.

मग 1977 साल उजाडले. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात 127 मिलिमीटर पाऊस झाला होता. या वर्षी झाला 24 मिलिमीटर. झुडपांना पाने फुटली नाहीत, गवत उगवले नाही, फिंचांनी घरटी केली नाहीत. सुरुवातीला जमिनीवरच्या बारीक बिया सर्वांनीच वेचून खाल्ल्या, आणि त्या संपल्यावर उरल्या त्या मोठ्या, कठीण कवचाच्या बिया. त्यांतली मुख्य होती सराट्याची. आपल्याकडे सोलापूर, नगर किंवा बीडच्या माळावरून अनवाणी चाललेल्या माणसाला सराटा कसा असतो हे सांगावे लागत नाही. त्याचे फळ पिकले की त्याची पाच शकले होतात, प्रत्येक शकल लाकडासारखे कठीण आणि टोकदार काट्यांचे, आणि बी असते त्या लाकडाच्या आत. डॅफ्नीवरचा सराटा आपल्या सराट्याचा सख्खा भाऊबंद आहे. फिंच हे शकल चोचीत धरतो, खडकावर दाबतो, चोचीची कड कवचाच्या खाचेत घालून पिळतो आणि कवच तुटले की आतली बी काढून घेतो. जाड चोचीच्या पक्ष्याला हे जमे. बारीक चोचीचा पक्षी शकल उचले, उलटसुलट करी आणि टाकून देई. पुष्कळसे तर त्याच्या वाटेलाही जात नसत. ज्या फरकाला वर्षभरापूर्वी कवडीची किंमत नव्हती, तोच फरक आता जगणे आणि मरणे यांच्यामध्ये उभा राहिला.

बेटावर या प्रजातीचे सुमारे 1200 पक्षी होते. वर्ष संपताना 180 उरले. मेलेले पक्षी खडकांच्या कपारींत, वाळलेल्या झुडपांखाली सापडत आणि त्यांच्या पायांतल्या कड्यांवरून ते कोण हे कळे. माद्या आकाराने लहान, त्यामुळे त्यांची चोचही लहान, त्यामुळे त्या नरांपेक्षा जास्त मेल्या. उरलेल्या पक्ष्यांच्या चोचीची सरासरी जाडी काढली तेव्हा ती साधारण 9.4 मिलिमीटरवरून जवळजवळ 10 मिलिमीटरपर्यंत गेलेली होती. अर्धा मिलिमीटर, नखाच्या जाडीएवढा. पुढच्या वर्षी पाऊस झाला, या वाचलेल्या पक्ष्यांनी घरटी केली, आणि त्यांच्या पिल्लांच्या चोचीही दुष्काळापूर्वीच्या पिढीपेक्षा जाड भरल्या. निवडीचा परिणाम पुढच्या पिढीत उतरला होता. डार्विनने 1859 मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा ही प्रक्रिया इतकी मंद चालते की ती माणसाच्या डोळ्यांना दिसणार नाही, असे त्याला वाटत होते. इथे ती एका वर्षात, कॅलिपरने मोजता येईल अशी घडली.

या गोष्टीतला एक बारकावा मला वारंवार विचार करायला लावतो. त्या संपूर्ण वर्षात एकाही पक्ष्याची चोच वाढली नाही. प्रत्येक पक्षी जसा होता तसाच राहिला. काही जगले, काही मेले, आणि बदलली ती सरासरी. बदल व्यक्तीत होत नाही, समूहात होतो, हे वाक्य पुस्तकात वाचताना कोरडे वाटते, पण डॅफ्नीच्या त्या वर्षाशी जोडून वाचले की त्यातले दुःखही दिसते आणि व्यवस्थाही. समजा, 1976 मध्ये त्या बेटावरच्या सगळ्या फिंचांच्या चोची अगदी सारख्या, आणि तेव्हाच्या अन्नाला अगदी चपखल असत्या, तर 1977 मध्ये निवडण्यासारखे काही उरलेच नसते. परिस्थितीशी शंभर टक्के जुळवून घेतलेला आणि आतून एकसारखा झालेला समूह हा परिस्थिती बदलेपर्यंतच सुरक्षित असतो. आणि परिस्थिती बदलतेच. 1983 मध्ये एल निनोमुळे त्याच बेटावर 1359 मिलिमीटर पाऊस पडला, वेलींनी खडक झाकून टाकले, बारीक बियांचा सडा पडला, सराटा त्या गर्दीत मागे पडला. पुढे पुन्हा कोरडी वर्षे आली तेव्हा टिकले ते लहान चोचीचे पक्षी. निवडीचा काटा उलटा फिरला. सात-आठ वर्षांपूर्वी जे मरणाच्या रांगेत पुढे उभे होते, त्यांच्यासारख्यांचे आता फावले. ते सगळेच्या सगळे 1977 मध्ये संपले असते तर 1985 मध्ये ते कुठून येणार होते?

हा प्रश्न खुद्द डार्विनलाही वेगळ्या रूपात छळत होता. त्याच्या काळी समज असा होता की आईचे आणि बापाचे गुण अपत्यात रंग मिसळावेत तसे मिसळून जातात. तसे असेल तर प्रत्येक पिढीत फरक निम्म्याने पुसट होईल आणि थोड्याच पिढ्यांत सगळे एकाच छटेचे होऊन बसतील. मग निवड करायची कशातून? फ्लीमिंग जेन्किन नावाच्या अभियंत्याने 1867 मध्ये हाच आक्षेप नेमक्या शब्दांत मांडला आणि डार्विनकडे त्याला पटण्याजोगे उत्तर नव्हते. उत्तर आदल्याच वर्षी छापून झालेले होते. ब्रनो येथील मठात वाटाण्याची लागवड करणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने 1866 मध्ये दाखवून दिले होते की गुणांचे वाहक एकमेकांत विरघळत नाहीत. ते सुटे राहतात, एखाद्या पिढीत झाकले जातात आणि पुढच्या पिढीत पुन्हा जसेच्या तसे वर येतात. या दोन माणसांचे काम 1900 नंतर एकत्र आले, तेव्हा दोघेही हयात नव्हते. विज्ञानाच्या इतिहासातली ही चुकामूक मला नेहमी हळहळ लावते. मेंडेलच्या वाटाण्यांनी डार्विनच्या सिद्धान्ताला जे बळ दिले ते याच मुद्द्यावर: फरक आपोआप पुसला जात नाही. लहान चोचीचे जनुक जाड चोचीच्या पक्ष्यांच्या पोटातही एका प्रतीच्या रूपाने लपून राहू शकते आणि दिवस फिरले की पुन्हा उघड होते.

नवा फरक येतो तो डीएनएची नक्कल होताना राहून गेलेल्या बदलांतून. माणसाचे प्रत्येक मूल आईबापांपैकी कोणाकडेही नसलेले साधारण 60 ते 70 नवे बदल घेऊन जन्माला येते. त्यांतले बहुतेक ना चांगले ना वाईट; ते नुसतेच असतात. काही घातक असतात आणि गळून जातात. पण त्या ‘नुसत्या असण्या’ला मी हलके समजत नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या लीफ अँडरसन यांच्या गटाने ग्रांट दाम्पत्यासोबत डॅफ्नीच्या पक्ष्यांचा जनुकसंच वाचला, तेव्हा 2016 मध्ये एचएमजीए-2 या जनुकाच्या परिसरात चोचीच्या आकारमानाशी जोडलेली दोन रूपे सापडली. एक मोठ्या चोचीकडे झुकणारे, एक लहान. ही रूपे मध्यम फिंचापुरती मर्यादित नाहीत, ती फिंचांच्या इतर प्रजातींतही आढळतात. म्हणजे हा फरक ऐन दुष्काळात घडला नव्हता. तो फार जुना होता आणि पिढ्यांमागून पिढ्या वाहत आला होता. 2004-05 च्या दुष्काळात त्याचीच परीक्षा झाली. तोपर्यंत बेटावर मोठ्या भूचर फिंचांनी बस्तान बसवले होते आणि सराट्यावर त्यांची मक्तेदारी होती. त्यांच्यापुढे मध्यम फिंचांतल्या जाड चोचीच्या पक्ष्यांचा टिकाव लागेना. या वेळी मेले ते जाड चोचीचे, आणि जनुकाचे लहान चोचीचे रूप समूहात वाढले. 1977 आणि 2004 हे दोन्ही दुष्काळच, पण शेजारी कोण आहे यावर निकाल उलटा लागला.

इथवरचा बदल एका प्रजातीच्या आतला आहे. चोच जाड झाली, बारीक झाली, पण पक्षी मध्यम फिंचच राहिला. नवी प्रजाती होण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते: एका समूहाने दुसऱ्या समूहाशी जोड्या जमवणे थांबवले पाहिजे. जोवर देवघेव चालू आहे तोवर जमलेला फरक पुन्हा सर्वांत वाटला जातो. फिंचांमध्ये ही भिंत मोठ्या प्रमाणात गाण्याने उभी राहते, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. नर पिल्लू आपल्या बापाचे गाणे ऐकून शिकते आणि जन्मभर तेच गाते. मादी गात नाही, पण तिच्या कानांवरही घरट्यात तेच गाणे पडलेले असते आणि जोडीदार निवडताना ती त्या गाण्याकडे आणि चोचीकडे पाहते. गाणे जनुकांत लिहिलेले नाही, ते शिकलेले आहे. तरीही जनुकांची वाटणी कशी होणार हे ते ठरवते. जीवशास्त्र आणि शिकवण यांची इतकी घट्ट गाठ मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही.

1981 मध्ये डॅफ्नीवर एक परका नर उतरला. अंगाने मोठा, डोके मोठे, चोच बेटावरच्या कोणाशीही न जुळणारी आणि गाणेही कोणाशी न जुळणारे. त्याच्या कड्याचा क्रमांक 5110. तो कुठून आला याचे उत्तर पुढे जनुकांच्या वाचनातून मिळाले: शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या एस्पान्योला बेटावरचा तो मोठा निवडुंग फिंच होता. एवढ्या लांब आलेल्या पाखराचे परत जाणे अशक्यच. त्याने बेटावरच्या मध्यम फिंच मादीशी जोडी जमवली. पिल्लांनी बापाचे परके गाणे उचलले, त्यांच्या चोची परक्या आकाराच्या झाल्या, आणि स्थानिक माद्या त्या नरांकडे वळेनात. मग हा वंश आपापसांतच जोड्या जमवू लागला, आणि पुढच्या पिढ्यांत तो बाहेर गेलाच नाही. ग्रांट दाम्पत्याने त्या पक्ष्यांना ‘बिग बर्ड’ असे टोपणनाव दिले. 2003 ते 2005 च्या कोरड्या काळात या वंशाचे दोनच पक्षी उरले, एक भाऊ आणि एक बहीण. त्या दोघांनीच जोडी जमवली, आणि पुढे पाऊस परतल्यावर वंश वाढत तीसच्या आसपास गेला. त्यांची चोच मध्यम आणि मोठ्या फिंचांच्या मधल्या आकाराची होती, जिथे बेटावर दुसरे कोणी नव्हते. याला नवी प्रजाती म्हणायचे का, यावर तज्ज्ञ वाद घालतात, आणि तो वाद रास्त आहे. इतक्या थोड्या पक्ष्यांचा वंश एखाद्या वाईट वर्षात पुसला जाऊ शकतो किंवा पुन्हा मध्यम फिंचांत मिसळू शकतो. मला मात्र नावाच्या निकालापेक्षा हे मोठे वाटते की वेगळे होण्याची सुरुवात माणसाच्या डोळ्यांदेखत, एका कड्याच्या क्रमांकापासून मोजता आली. निसर्गात अशा सुरुवाती सतत होत असणार आणि त्यांतल्या बहुतेक विरून जात असणार.

टिकून राहिलेल्या सुरुवाती पाहायच्या असतील तर मराठी माणसाला समुद्र ओलांडावा लागत नाही. सुमारे 1600 किलोमीटरच्या सह्याद्रीच्या रांगेत उंची, पाऊस आणि खिंडी यांनी जिवांचे समूह अलग अलग पाडले आहेत. दक्षिणेत पालघाटची सपाट खिंड तीसेक किलोमीटर रुंद आहे; माणसाला ती रस्त्याने तासाभराची. पण डोंगरमाथ्यावरच्या शोला जंगलात राहणाऱ्या निळ्या रॉबिनांसारख्या पक्ष्यांना ती उष्ण, उघडी सखल जमीन समुद्रासारखीच आहे. खिंडीच्या उत्तरेला एक प्रजाती आणि दक्षिणेला दुसरी, अशी त्यांची विभागणी झालेली आहे, आणि 2017 मध्ये या पक्ष्यांसाठी ‘शोलिकोला’ हा वेगळा वंशच, म्हणजे जवळच्या प्रजातींना एकत्र धरणारा गट, मानला गेला. पंख असूनही पक्षी ओलांडत नाही, तर बेडकाचे काय. झुडपी बेडकांतल्या अनेकांची अंडी ओल्या पाचोळ्यात किंवा पानांवर घातली जातात आणि त्यांतून थेट चिमुकला बेडूक बाहेर येतो. पाण्यात पोहणारी अवस्थाच नसते. ओढ्याच्या पाण्याबरोबर वाहून दुसऱ्या खोऱ्यात जाण्याची वाट त्यामुळे बंद होते. अशा जिवांत एकेक डोंगर एकेका प्रजातीला जन्म देऊन जातो यात नवल नाही.

उत्तरेकडे, आपल्या भागात, हेच काम जांभ्याच्या सड्यांनी, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांनी, केले आहे. जूनमध्ये पहिले मोठे पाऊस होऊन गेल्यावर आंबोलीच्या सड्यावर रात्री बॅटरी घेऊन हिंडताना मी तिथला भेक पाहिला आहे. तीन-चार सेंटिमीटरचा खरबरीत जीव, जांभ्याच्याच रंगाचा, आणि बाजू उजेडात आली की त्यावर वाघाच्या अंगावर असावेत तसे पिवळे पट्टे. कातळातल्या खळग्यात ओंजळभर पाणी साठलेले असते, त्यात तो अंडी घालतो. खळगा उथळ, तळाशी थोडी माती आणि शेवाळ. पाऊस चार दिवस थांबला आणि ऊन पडले तर आटून जाणारा. आतल्या पिल्लांची शर्यत त्या पाण्याशी असते. सरळ रेषेत दीडशे किलोमीटर उत्तरेला कोयनेच्या परिसरात याच वंशाचा दुसरा भेक राहतो. त्याच्या बाजूंवर पट्टे नाहीत, पिवळे ठिपके आहेत. कोयनेचा भेक सोमण यांनी 1963 मध्ये विज्ञानाला ओळखीचा करून दिला. आंबोलीचा भेक 2009 मध्ये वेगळी प्रजाती म्हणून नोंदला गेला आणि तेव्हाच या दोघांसाठी ‘झॅन्थोफ्राइन’ हा नवा वंश ठरवण्यात आला. त्या रात्री मी कातळावर वाकून एका खळग्यातली पिल्ले पाहत होतो तेव्हा काही शेपटी हलवीत उथळ कडेला आली होती, काही खोल जागी मातीत तोंड घालून होती, आणि एकाच वेळी घातलेल्या अंड्यांतली वाटावीत अशा पिल्लांतही काही ठळक मोठी होती. डॅफ्नीवर कोणी चोच मोजत होते. इथे मोजण्यासारखा फरक त्या ओंजळभर पाण्यात पोहत होता.

समूह अलग पडले की निवडीशिवाय आणखी एक शक्ती काम करते, आणि ती आंधळी आहे. समूह लहान असेल तर एखादे जनुक केवळ योगायोगाने पसरते, उपयुक्त म्हणून नव्हे. ओडिशातील सिमिलिपालच्या जंगलात वाघांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले दिसतात. लांबून वाघ काळाच वाटतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन यांच्या गटाने 2021 मध्ये दाखवले की यामागे टॅक्पेप या एकाच जनुकातला बदल आहे. देशातल्या इतर जंगलांत तो सापडला नाही, आणि सिमिलिपालमध्ये मात्र पुष्कळ वाघांत आहे, कारण तिथला समूह थोडक्या वाघांपासून वाढला आणि बाकीच्यांपासून तुटला. पर्यटकाला काळ्या वाघाचे अप्रूप वाटते. मला त्या बातमीत आनंदापेक्षा काळजी अधिक दिसली, कारण जे आंधळेपणाने पट्टे रुंद करू शकते ते त्याच आंधळेपणाने रोगप्रतिकाराचे किंवा प्रजननाचे एखादे जनुकही हरवून बसू शकते.

वन्यजीव वाचवण्याविषयी आपण बोलतो तेव्हा संख्या मोजतो: इतके वाघ, इतके हत्ती, अमुक प्रजाती शिल्लक आहे की नाही. त्या संख्येच्या आत फरक किती उरला आहे, हे फार थोडे जण विचारतात. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झाले. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे हीच बातमी ठरते आणि देशभरात मिळून दीडशेच्या आतच पक्षी उरले आहेत. त्यांच्या डीएनएच्या अभ्यासात विविधता अतिशय कमी आढळली आहे. राजस्थानात कृत्रिम उबवणीने पिल्ले वाढवण्याचे काम सुरू आहे आणि त्यात काम करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे, कारण त्यांना पक्ष्यांची संख्या वाढवायची आहेच, शिवाय कोणत्या पक्ष्याची पिल्ले कोणाशी जोडायची याचाही हिशेब ठेवावा लागणार आहे. संख्या दहापट झाली तरी हरवलेली रूपे परत येत नाहीत. नवी रूपे साठायला हजारो पिढ्या लागतात.

आंबोलीचा भेक अजून त्या अवस्थेला पोहोचलेला नाही, पण त्याचे सगळे जग मोजक्या सड्यांचे आहे, आणि पावसाळी पर्यटनाच्या मोसमात त्याच सड्यांवरून आणि घाटरस्त्यांवरून रात्री गाड्या धावतात, नेमक्या भेक खळग्यांकडे निघालेले असतात तेव्हा. शिवाय पाऊस बदलतो आहे: एकदम कोसळतो आणि मग उघडीप लांबते. उथळ खळग्यातल्या कोणत्या पिल्लांना यातून वाट मिळेल, लवकर वाढून लहानपणीच पाणी सोडणाऱ्यांना की उशिरा पण दणकट होऊन निघणाऱ्यांना, आणि ही सवय आईबापांकडून पिल्लांत उतरते का, हे इथे मोजता येण्यासारखे आहे. खळग्यांना क्रमांक द्यायचे, रोज सकाळी पाण्याची खोली घ्यायची, पिल्ले पाणी सोडतात त्या दिवशी त्यांची लांबी आणि वजन लिहायचे, जवळच पर्जन्यमापक ठेवायचा आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खळग्यांशी पुन्हा जायचे. सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि साताऱ्यातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणारी मुले या सड्यांपासून एका एसटीच्या अंतरावर राहतात. एका तुकडीने सुरू केलेली वही पुढच्या तुकडीच्या हाती देता आली, तर पंधरा-वीस पावसाळ्यांत आंबोली आणि कोयना इथल्या दोन्ही भेकांची नोंद शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल.